वॉलमार्टच्या शेअरहोल्डरांना १६ कोटी डॉलर मिळाले, आपल्याकडे असं का होत नाही?

बोरीकाठचा_अमळनेर

राम राम मंडळी. वॉलमार्टवर तिच्याच शेअरहोल्डरांनी फसवणुकीची केस टाकली होती हे कितीजणांना माहितीये? मी त्याच्या मागे लागून जमेल तेवढं वाचून काढलं आणि आता कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाहीये, लांब होईल, चालवून घ्या.

गोष्ट मेक्सिकोची. वॉलमार्टची तिकडची कंपनी वॉलमेक्स. दुकानं झटपट उघडायची म्हणून तिनं परवानग्यांसाठी लाच वाटली असा आरोप, न्यूयॉर्क टाइम्सनं २१ एप्रिल २०१२ ला छापला, संशयास्पद पैसा २ कोटी ४० लाख डॉलरच्या वर. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांनी अजून एक बातमी केली की टिओटिवाकानच्या पिरॅमिडांच्या शेजारी दुकान टाकायचं होतं, तिथं झोनिंगमध्ये, म्हणजे कुठल्या जागेवर काय बांधता येतं त्या नकाशात, दुकान बसत नव्हतं, तर ५२ हजार डॉलर देऊन नकाशाच बदलून घेतला. ज्यानं आयुष्यात एकदा तरी जमीन बिगरशेती करायची एनए ऑर्डर काढलीये त्याला यात नवल वाटणार नाही.

नवल पुढे आहे. वॉलमेक्समध्ये आधी काम केलेल्या एका वकिलानं २००५ मध्येच मुख्य कंपनीला हे सगळं सांगितलं होतं. चौकशी सुरू झाली. मग ती चौकशी सोपवली कुणाकडे, तर वॉलमेक्सच्याच मुख्य वकिलाकडे, ज्याचं नाव स्वतः त्या आरोपांमध्ये होतं. त्यानं काय निष्कर्ष काढला असेल ते तुम्ही ओळखाच.

सहा वर्षं सगळं गुपचूप. २०११ च्या शेवटी टाइम्सवाले खोदून राह्यले असं कळलं तेव्हा कंपनी धावत अमेरिकी सरकारकडे गेली आणि ८ डिसेंबर २०११ च्या तिमाही रिपोर्टमध्ये चार ओळी टाकल्या, की आम्ही परवाने वगैरे बाबतीत अंतर्गत तपास सुरू केलाय आणि स्वतःहून सरकारला कळवलंय. वाचणाऱ्याला वाटेल वा, किती प्रामाणिक, आत्ता कळलं आणि लगेच सांगितलं. २००५ चा उल्लेख नाही.

केस या चार ओळींवर झाली. लाचेवर नाही! टाकली कोणी, तर मिशिगनमधल्या पाँटिअ‍ॅक गावच्या पालिका कर्मचाऱ्यांच्या पेन्शन फंडानं. म्हणजे उद्या भुसावळ नगरपालिकेच्या सफाई कामगारांच्या फंडानं मुंबईच्या एखाद्या बड्या कंपनीला कोर्टात खेचावं तसं. २०१२ मध्ये टाकली, २०१८ मध्ये १६ कोटी डॉलरवर मिटली. चूक कबूल न करता, अर्थात.

आता आपण अमळनेरवाले. विप्रोचा जन्म इथला, १९४५, वनस्पती तुपाचा कारखाना. इथं अशी घरं आहेत जिथं आजोबांनी घेतलेले शेअर नातवानं अजून विकले नाहीत. शेअरहोल्डर काय असतो हे या गावाला शिकवायची गरज नाही. मग कंपनी खोटं बोलली तर कोर्टात जायची पद्धत आपल्याकडे का नाही, एवढाच प्रश्न आहे.

रावेरची_केळी

आरे भो, कितलं लांब लिखं. माले एकच सांग, पैसा कोणले भेटना?

जिल्हापेठ_सीए

रावेर भाऊंनी एका वाक्यात मुद्दा मारला. मी धाग्याच्या उत्साहावर थोडं पाणी टाकतो, माफी असावी. बातमी शनिवारी आली, सोमवारी २३ एप्रिलला वॉलमार्टचा शेअर साडेचार टक्क्यांच्या वर पडला. कंपनी एवढी अजस्र की त्या एका दिवसात जवळपास एक हजार कोटी डॉलरचं बाजारमूल्य गेलं. आणि सहा वर्षांनी मिळाले १६ कोटी. शंभर रुपये बुडाले त्याचा दीड रुपया. त्यातून वकिलांची फी वजा.

बरं हे १६ कोटी आले कुठून? कंपनीच्या तिजोरीतून. तिजोरी कुणाची? शेअरहोल्डरांची. म्हणजे शेअरहोल्डरांनीच शेअरहोल्डरांना पैसे दिले आणि मधे वकील जेवून गेले. ज्या साहेबांनी २००५ मध्ये फाइल दाबली त्यांच्या खिशातून काय गेलं ते मला कुणी दाखवा.

धुळ्याची_वकीलीण

जिल्हापेठ भाऊ, हिशोब जरा घाईत झालाय. ते एक हजार कोटी सगळ्या शेअरहोल्डरांचे मिळून. केसमध्ये सगळे नव्हतेच. क्लास, म्हणजे ज्यांच्या वतीनं ही एकत्र केस चालली तो गट, होता फक्त त्यांचा ज्यांनी ८ डिसेंबर २०११ ते २० एप्रिल २०१२ या साडेचार महिन्यांत शेअर घेतले. का, तर त्या चार ओळी बाजारात आल्यावर ज्यानं घेतला तोच म्हणू शकतो की मी फुगवलेल्या भावात घेतला. १९९० पासून धरून बसलेल्या माणसाचं नुकसान झालं असेल पण त्याला त्या ओळींनी फसवून विकत घ्यायला लावलं नाही. त्यामुळे दीड टक्का हा आकडा चुकीच्या बेरजेवर काढलाय. तोंडभर मिळाले असं मीही म्हणत नाही.

आता कायदा काय बघतो ते सांगते कारण लोकांना वाटतं भाव पडला की केस. तसं नाही. अमेरिकेचा १९३४ चा सिक्युरिटीज एक्स्चेंज अ‍ॅक्ट, कलम १०(ब), आणि त्याखालचा नियम टेन-बी-फाइव्ह. यात दाखवावं लागतं की विधान खोटं किंवा दिशाभूल करणारं होतं, ते महत्त्वाच्या बाबीवर होतं, करणाऱ्याला ते माहीत होतं किंवा त्यानं बेफिकिरीनं केलं, आणि सत्य बाहेर आलं म्हणूनच भाव पडला, दुसऱ्या कारणानं नाही. शेवटचं सगळ्यात अवघड जातं. "मी तो रिपोर्ट वाचून शेअर घेतला" हे मात्र प्रत्येकाला वेगळं सिद्ध करावं लागत नाही, १९८८ च्या बेसिक विरुद्ध लेव्हिन्सन निकालापासून कोर्ट असं धरतं की मोठ्या बाजारात कंपनीनं सांगितलेलं सगळं भावात मुरतं, त्यामुळे ज्यानं भाव दिला त्यानं ते विधानही मानलं. हे गृहीतक नसतं तर लाखो लोकांची एक केस उभीच राहिली नसती.

दुसरं. कंपनी नुसती गप्प राहिली तर टेन-बी-फाइव्हच्या (ब) पोटकलमाखाली केस होत नाही, हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं २०२४ च्या मॅक्वेरी निकालात स्पष्टच केलं. अर्धं बोललं तर होते. वॉलमार्ट गप्प बसली असती तर ही केस लढवणं फार जड गेलं असतं. ती बोलली, "तपास सुरू केलाय" म्हणाली, आणि "सहा वर्षांपूर्वी एकदा केला होता आणि गुंडाळला होता" हे गिळलं. कंपनीचं म्हणणं होतं की सांगितलं त्यात खोटं एक अक्षर नाही, केस फेटाळा. २०१४ मध्ये अर्कान्सासच्या फेडरल कोर्टानं फेटाळायला नकार दिला, आणि ते अर्कान्सास म्हणजे वॉलमार्टचं घरचं राज्य बरं का. २०१६ ला क्लास मंजूर, मग तडजोड.

रावेरची_केळी

ताई, आते समजनं. दर साली बोर्डना भाव पाहीसन माल काढतस आम्ही. बोर्डच खोटा ऱ्हायना ते वाचणारा न वाचणारा दोन्ही बुडतस.

दाणाबाजार_आप्पा

मी शेअरचा माणूस नाही, तेल-साखर-साबणाची एजन्सी आहे, पण मोठी रिटेल कंपनी शेअरहोल्डरला कसं फसवते हे आम्हाला आतून कळतं म्हणून लिहितो. मेक्सिकोपेक्षा मला इंग्लंडच्या टेस्को या सुपरमार्केट कंपनीचं प्रकरण जास्त ओळखीचं वाटलं, आमचाच धंदा आहे तो.

बघा, मोठं दुकान कमावतं ते फक्त मालाच्या विक्रीवर नाही. कंपन्या त्याला स्कीम देतात, इतका माल उचलला तर इतकं टक्के, रॅकवर डोळ्यासमोर ठेवला तर वेगळे, डिस्प्लेचे वेगळे. आमच्याकडे त्याची क्रेडिट नोट, म्हणजे ते पैसे आमच्या खात्यावर जमा केल्याचा कागद, येते, कधी दोन महिन्यांनी, कधी साहेब बदलला की येतच नाही. शहाणा व्यापारी क्रेडिट नोट हातात आल्याशिवाय नफ्यात धरत नाही. टेस्कोनं काय केलं, पुढे येणारे हे पैसे आधीच कमाई म्हणून लिहून टाकले, आणि जो खर्च या महिन्याचा तो पुढं ढकलला. २२ सप्टेंबर २०१४ ला त्यांनी स्वतःच सांगितलं की अपेक्षित नफा २५ कोटी पौंडांनी जास्त दाखवला गेलाय. शेअर त्या दिवशी अकरा टक्क्यांच्या वर घसरला.

महिनाअखेरीला आमच्या दारात कंपनीचा सेल्समन हात जोडून उभा असतो, आप्पा एवढं टार्गेट पूर्ण करा, माल पाच तारखेला परत घेतो. बिल कटतं, विक्री दिसते, वरचे साहेब खुश. तो पोरगा काही चोर नसतो. त्याच्यावर त्याचा एरिया मॅनेजर, त्याच्यावर झोनल, आणि सगळ्यात वर कोणीतरी मुंबईत अॅनालिस्टला आकडा सांगून बसलेला असतो. खोटं वरून खाली येतं आणि आकडा खालून वर जातो. ज्यानं शेअर घेतलाय त्याला यातलं काय दिसणार? बॅलन्सशीट. तिच्यात माझ्या गोडाउनात पडलेला माल नसतो.

जिल्हापेठ_सीए

आप्पा एक नंबर. टेस्कोचा शेवटही सांगा ना. २०१७ मध्ये कंपनीनं सरकारशी करार करून १२ कोटी ९० लाख पौंड दंड भरला, वर गुंतवणूकदारांना भरपाई द्यायचं मान्य केलं. आणि ज्या तीन साहेबांना कोर्टात उभं केलं ते तिघंही निर्दोष सुटले. कंपनीनं केलं पण कुणीच केलं नाही. म्हणून म्हणतो, या केसेस बघून टाळ्या वाजवू नका.

शहादा_ते_बेंटनव्हिल

नमस्कार सगळ्यांना. मी मूळ शहाद्याचा, आयटीच्या कामानं इकडे, वॉलमार्टच्याच गावात. गाव म्हणजे काय, चौकात सॅम वॉल्टनचं जुनं पाच-दहा सेंटचं दुकान म्युझियम करून ठेवलंय, आणि आजूबाजूला सगळे वॉलमार्टला माल विकणाऱ्यांची ऑफिसं. आपली मंडळी खूप आहेत, गणपती दणक्यात होतो.

सीए साहेब, साहेबांच्या खिशाचं तुम्ही बरोबर म्हणता पण कंपनीचा एकूण खर्च बघा. तपास आणि अंतर्गत यंत्रणा सुधारण्यावर तिनं ९० कोटी डॉलरच्या वर घातले. मग जून २०१९ मध्ये सरकारशी २८ कोटी २० लाखांच्या वर रक्कम देऊन मिटवलं, त्यात मेक्सिकोबरोबर ब्राझील, चीन आणि आपला भारतही होता, भारतातली ती भारती एंटरप्रायझेसबरोबरची भागीदारी. शेअरहोल्डरांचे १६ कोटी या सगळ्यात सगळ्यात लहान आकडा आहे.

आणि दुसरी बाजू पण सांगतो, इकडे भाव पडला की दुसऱ्या दिवशी वकिलांच्या जाहिराती येतात, "तुमचं नुकसान झालं का, फोन करा". टार्गेट नावाच्या दुसऱ्या रिटेल कंपनीचं बघा. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिमाही आकडे खराब आले, शेअर एका दिवसात वीस टक्क्यांच्या वर आपटला. जानेवारी २०२५ मध्ये फ्लोरिडातल्या रिव्हिएरा बीच गावच्या पोलिसांच्या पेन्शन फंडानं केस टाकली की २०२३ च्या प्राइड महिन्याच्या (एलजीबीटी लोकांचा उत्सव) मालावरून जो बहिष्कार झाला त्याची जोखीम कंपनीनं शेअरहोल्डरांपासून लपवली. आता लोकांनी राजकारणावरून दुकान टाळलं की महागाईमुळे टाळलं, हे कोण ठरवणार?

धुळ्याची_वकीलीण

तेच ते शेवटचं अवघड कलम, भाव नेमका कशामुळे पडला. आणि हो, या केसेसमध्ये पेन्शन फंडच का दिसतात याचं कारण १९९५ चा कायदा. त्याआधी वकील दहा शेअरवाला कुणीतरी पकडून धावत कोर्टात जायचे. १९९५ नंतर ज्याचं नुकसान सगळ्यात मोठं त्याला पुढारीपण देण्याकडे कोर्टाचा कल असतो. शिवाय केस फेटाळायची की नाही हे ठरेपर्यंत कंपनीची कागदपत्रं मागता येत नाहीत. वर्तमानपत्रानं आधी खोदून ठेवलं नसतं तर पाँटिअ‍ॅकच्या हातात काय होतं?

बोरीकाठचा_अमळनेर

वा, मी प्रश्न टाकला आणि धागा अमेरिका-इंग्लंड फिरून आला, आता घरी या.

एक डोक्यात घोळतंय. विप्रोचे शेअर न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजवर २००० पासून एडीआर म्हणून आहेत, म्हणजे आपल्या शेअरची अमेरिकेत विकली जाणारी पावती. कंपनी तीच, नफा तोच, रिपोर्ट तोच. समजा (फक्त समजा, विप्रोनं काही केलंय असं अजिबात म्हणत नाही, गावची कंपनी आहे, मारतील मला) तर न्यूयॉर्कला एडीआर घेणारा टेन-बी-फाइव्हखाली जाऊ शकतो आणि इथं पन्नास वर्षं शेअर सांभाळलेला अमळनेरचा माणूस नाही जाऊ शकत? खरंय का हे ताई?

धुळ्याची_वकीलीण

खरंय. २०१० मध्ये मॉरिसन विरुद्ध नॅशनल ऑस्ट्रेलिया बँक या निकालात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं, व्यवहार अमेरिकेतला असेल किंवा शेअर तिथल्या एक्स्चेंजवर घेतला असेल तरच आमचा कायदा. तुम्ही मुंबईच्या बाजारात घेतला, तुमचं दार मुंबईत.

भुसावळ_रिटायर्ड

याचं जिवंत उदाहरण सत्यम, हैदराबादची आयटी कंपनी. ७ जानेवारी २००९, तिचे अध्यक्ष राजू यांचं पत्र आलं, सात हजार कोटींच्या वर हिशोबात घोळ. एका दिवसात तीन चतुर्थांशाहून जास्त भाव गेला. ज्यांनी न्यूयॉर्कला एडीएस (एडीआरच म्हणा) घेतले होते त्यांनी तिथं क्लास अॅक्शन, म्हणजे सगळ्यांची मिळून एक केस, केली आणि २०११ मध्ये कंपनीकडून साडेबारा कोटी डॉलर आणि ऑडिटर पीडब्ल्यूसीकडून अडीच कोटींच्या वर, असे पदरात पाडून घेतले. ज्यांनी ठाण्यात, नाशकात, जळगावात तेच शेअर घेतले होते त्यांचं काय? त्यांच्या वतीनं एक संघटना ग्राहक आयोगात गेली, त्यांनी परत पाठवलं, सुप्रीम कोर्टानंही घेतलं नाही. एकाच कागदाचे दोन मालक, एकाला पैसे, दुसऱ्याला पेपरातली बातमी.

मी स्वतः शेअरमध्ये नव्हतो, माझे पतसंस्थेत अडकले, नाव घेत नाही, जिल्ह्यातल्यांना सांगायची गरज नाही. तिथंही रांगेत उभं राहून फॉर्म भरले. रांगेतला प्रत्येक जण म्हणायचा एकत्र केस करू. फॉर्म मात्र प्रत्येकानं आपापलाच भरला.

मेहरूण_तलाव

पण आता आपल्याकडे पण कायदा आहे ना? सत्यमनंतर केला ना काहीतरी?

धुळ्याची_वकीलीण

आहे. कंपनी कायदा २०१३, कलम २४५, २०१६ पासून लागू. एनसीएलटीत, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, जायचं, महाराष्ट्रासाठी मुंबई बेंच. लिस्टेड कंपनी असेल तर १०० सभासद किंवा एकूण सभासदांच्या ५ टक्के, यातलं जे कमी ते, नाहीतर २ टक्के भांडवल हातात असलेले लोक पाहिजेत. कंपनी, संचालक, ऑडिटर, सल्लागार, सगळ्यांकडून भरपाई मागता येते. कागदावर अमेरिकेपेक्षा वाईट नाही, ऑडिटरच्या बाबतीत तर बराच स्पष्ट आहे.

अडतं कुठं ते माझ्या धंद्यातलं सांगते. अमेरिकेत वकील म्हणतो मी लढतो, जिंकलो तर त्यातलं इतकं टक्के घेईन, हरलो तर तुझा एक पैसा नाही. भारतात वकिलाला असं करायला बंदी आहे, निकालावर फी ठरवता येत नाही. म्हणजे १०० जणांनी आधी वर्गणी काढायची, मुंबईला वकील लावायचा, तारखांना माणूस पाठवायचा, आणि सात वर्षांनी मिळालं तर सगळ्यांना वाटायचं, ज्यानं वर्गणी दिली नाही त्यालासुद्धा. अर्ज उगाच केला असं न्यायाधिकरणाला वाटलं तर एक लाखापर्यंत खर्च तुमच्यावर. कोण करेल?

जिल्हापेठ_सीए

आयईपीएफ विसरलात ताई. लोकांचे न उचललेले डिव्हिडंड सात वर्षांनी ज्या फंडात जातात त्या फंडातून क्लास अॅक्शनचा वकीलखर्च परत मिळायची तरतूद आहे. अर्थात परत, आधी नाही. अमळनेरच्या किती जुन्या घरांचे पैसे त्यात पडले असतील देव जाणे.

आणि शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचा रस्ताही आहे. २००३ ते ०५ च्या आयपीओ (कंपनीचे शेअर पहिल्यांदा विक्रीला निघतात ते) घोटाळ्यात सेबीनं वसूल केलेले पैसे २०१० मध्ये ज्यांचा हक्क डावलला गेला त्यांना वाटले होते. केस न करता. मला विचाराल तर आपल्याकडे हाच रस्ता बरा, खमक्या रेग्युलेटरनं वसूल करायचं आणि वाटायचं.

बोरीकाठचा_अमळनेर

इथं मी तुमच्याशी सहमत नाही भाऊ. रेग्युलेटरला एक हजार कामं, त्याच्या यादीत आपला नंबर कधी लागेल ते त्याच्या मर्जीवर. पाँटिअ‍ॅकवाले सरकारची वाट बघत बसले नाहीत, २०१२ मध्येच टाकली, सरकारचा निकाल २०१९ ला आला. त्यांचे पैसे आधी ठरले. पैसे कमी मिळाले हे मान्य, तुमचं खिशाचंही मान्य. पण केस चालू असताना सहा वर्षं कंपनीच्या वकिलांना त्या चार ओळी कोर्टात समजावून सांगाव्या लागल्या ना. आपल्याकडे एजीएममध्ये, कंपनीच्या वार्षिक सभेत, म्हातारा शेअरहोल्डर उभा राहून विचारतो तर त्याला चहा-बिस्किटं देऊन बसवतात.

दाणाबाजार_आप्पा

चहा-बिस्किटांचं खरंय, आता तर एजीएम पण मोबाइलवर, तेही गेले. 😄

मेहरूण_तलाव

ताई शेवटचं विचारतो, आमच्या वडिलांचे जुने कागदी शेअर आहेत, डिमॅट केलेले नाहीत. उद्या अशी काही १०० जणांची यादी झाली तर त्यांचं नाव धरतील का?

धुळ्याची_वकीलीण

कंपनीच्या रजिस्टरमध्ये नाव असेल तर ते सभासदच, कागदी असले तरी. फक्त रजिस्ट्रारकडे पॅन, पत्ता, बँक, सही हे केवायसी आधी पूर्ण करा, नाहीतर डिव्हिडंडही खात्यात यायचा नाही. आणि ट्रान्सफर करायचे असतील तर डिमॅट लागेलच, २०१९ पासून कागदावर ट्रान्सफर बंद आहे. वडील आहेत तोपर्यंत करून टाका, नंतर वारसाची कागदपत्रं गोळा करताना दमछाक होते.

रावेरची_केळी

मन्हा बाना बी कागद पेटीमां शेतस. उद्या काढस.